भुशाची पिशवी

"माका काय होतला?" हे त्यांचे नेहमीचे वाक्य. पायात काटा मोडलेला असो, अंगात ताप असो, सगळ्यांची जेवणे होऊन त्यांच्या वाट्याला नुसती पेज उरलेली असो; कोणी काही म्हटले की पदर पुढे ओढून त्या हेच म्हणायच्या. प्रश्न विचारायच्या, पण उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. आम्हीही ते कधी दिले नाही.

मुलांनो, तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. लाकडावर नक्षी कापायची लहान करवत, आणि तिला जोडलेली भुसा ओढणाऱ्या यंत्राची जाड नळी. खाली लिहिले आहे, 'आजी, असले काही तू पाहिले नसशील.' मी पाहिले आहे. मीच ते करवून घेतले होते. त्याने एका माणसाचा खोकला गेला आणि दुसऱ्याचा श्वास गेला. ज्यांचा श्वास गेला त्यांच्याविषयी लिहिते. मी त्यांना वहिनी म्हणत असे.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. मसुऱ्याजवळच्या एका गावात मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. वहिनींच्या घराची शेवटची खोली आणि तिच्यापुढची पडवी मी भाड्याने घेतली होती. भिंतीपलीकडे त्यांचे यजमान काम करत. देव्हाऱ्यांच्या, मखरांच्या जाळ्या ते शिसवी लाकडातून कापत. करवत पायाने चालायची, पाते दोऱ्याएवढे. पेन्सिलीची रेघ भुशाखाली गेली की वाकून फुंकर मारायची, आणि उडालेला भुसा पुढच्या श्वासात आत. जेवताना घास हातात धरून खोकत. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितले, भुसा थांबवा, नाहीतर धंदा थांबवा.

माझ्याकडे इंग्रजी मासिके येत. एकात तुमच्या फोटोतल्यासारखेच चित्र होते. आमच्या गावात वीज नव्हती, पण देवळाच्या धर्मशाळेत नाटकवाल्यांचा एक मोडका ऑर्गन पडून होता. ऑर्गनचा भाता पायाने चालतो आणि हवा आत ओढतो, हे मला ठाऊक होते. पट्टी-पेन्सिल घेऊन मी मापांसह आकृती काढली. पात्याखाली पत्र्याचे नरसाळे, तिथून नळी भात्यापर्यंत, आणि भात्याच्या दुसऱ्या तोंडाला मांजरपाटाची पिशवी.

नळी म्हणून आधी सायकलची ट्यूब लावली. हवा ओढली जाताच ती चपटी होऊन चिकटली. वहिनी पोट धरून हसल्या. "बाई, तुमच्या पुस्तकातली ट्यूब जेवलेली असतली. आमची उपाशी आसा." मग परसातला बांबू तोडून, आतल्या गाठी फोडून त्यांनीच नळी करून दिली. ती चालली.

यजमानांचे पाय करवतीला लागत. भाता कोण चालवणार, हे कोणी विचारले नाही. वहिनी बसल्या. पाय भात्यावर, हातात काचकागद, मांडीवर घासायच्या जाळ्या. "मी आता पेटी वाजयतंय," शेजारणींना सांगत. "सूर तेवडो येणा नाय."

दोन महिन्यांत यजमानांचा खोकला थांबला. गावातली माणसे यंत्र बघायला आली. मी आकृती दाखवून समजावले, यजमान म्हणाले, "सगळी बाईंची अक्कल." त्या वेळी वहिनी पाय मारत होत्या. त्या थांबल्या असत्या तर बघायला काही उरले नसते.

आता पिशवीचे सांगते. आकृतीत ती खिडकीबाहेर होती. ती खिडकी माझ्या पडवीवर उघडायची आणि पडवीत माझी शाळेची पांढरी पातळे वाळत असायची. यंत्र सुरू झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी एका पातळावर जांभळट पूड बसली. मी भांडले नाही. मी शिकलेली होते. मी पातळ नेऊन फक्त दाखवले.

वहिनींनी ते झटकले, पाहिले. "शिरा पडो त्या भुशार. बाईंनी काय ह्या नेसान शाळेत जावचा? पिशवी आत बांधतंय, माझ्याकडेन."

"आत तुमच्या नाकाशी येईल ती," मी म्हटले. म्हटले होते, एवढे खरे.

"माका काय होतला?"

आणि मी पातळ घेऊन परत आले.

पिशवी त्यांच्या डाव्या खांद्याशी टांगली गेली. जाडा भुसा तिच्यात राहायचा. बारीक पूड कापडातून बाहेर यायची. सकाळच्या तिरिपेत ती त्यांच्या तोंडाभोवती स्पष्ट दिसे. संध्याकाळी पिशवी झटकायच्या त्याही त्याच.

पाचव्या वर्षी भराडीदेवीच्या जत्रेला आम्ही बरोबर चालत गेलो. पूर्वी त्या माझ्या पुढे असत. त्या वर्षी तीनदा बसल्या. "यंदा चढ वाढलो काय?" म्हणून हसल्या, आणि हसण्यानेच त्यांना धाप लागली. चुलीच्या धुराने दमा झाला, असे सगळ्यांचे मत पडले. डॉक्टरांचेही. मी मालवणहून माप देऊन पत्र्याचे धुराडे करवून आणले. ती पिशवी मला रोज दिसत होती, आणि मी चुलीला धुराडे बसवत होते. माझी पातळे स्वच्छ वाळत होती.

शेवटच्या वर्षी एक वाक्य बोलायला त्यांना दोन श्वास लागत. मी म्हटले, "वहिनी, आता भाता सोडा." त्या म्हणाल्या, "मी उठलंय तर... तेंचो खोकलो परत येतलो." पाय थांबला नव्हता. नवव्या वर्षी, आश्विनात, त्या गेल्या. भिंतीपलीकडे नुसती करवत वाजू लागली आणि महिन्याभरात खोकलाही.

यजमान वाईट माणूस नव्हते. वर्ष सरले तसे पडवीत येऊन म्हणाले, "बाई, भात्याक पाय होयो." बांद्याकडची एक तिशीची बाई त्यांनी लग्न करून आणली.

ती पहिल्याच दिवशी भात्यावर बसली आणि थोड्याच वेळात उठून माझ्या दाराशी आली.

"बाई, ह्यो भुसो घरात कित्याक? हय खिडकी आसा मां."

मी तिला खरे ते सांगितले. काही गाळले नाही. तिने पडवीतल्या दोरीकडे पाहिले.

"तुमची पातळां," ती म्हणाली, "तुमी दुसरीकडे वाळत घाला."

मी पातळे उतरवली आणि मागल्या अंगणात फणसाला दोरी बांधली. तोवर तिने पिशवी खिडकीबाहेर नेली होती. सगळ्याला मिळून अर्धा तास लागला.