चारशे अकरा आणि चारशे बाराच्या मधलं मीठ

"मीठ बसताना कोनी बघलेलं न्हाय, बाय. आपन बघतो तवा ते बसलेलंच असतं."

मी सात-आठ वर्षांची असताना बाबा मिठागराच्या बांधावर हे म्हणाले होते. सकाळपासून मी एका वाफ्यासमोर उकिडवी बसून होते... जेवून परत आले तर कडेला पांढरी साय धरलेली.

ते वाक्य डोक्यातून कधी गेलं नाही. आता चाळिशी उलटल्यावर, माणगावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवता शिकवता पीएचडी करतेय, तीही त्याच क्षणावर. पाण्यात सुटे फिरणारे सोडियम आणि क्लोराइड एकमेकांना पहिल्यांदा धरतात, तो क्षण.

तो डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून कॉम्प्युटरवर घडवून बघायचा. कॉम्प्युटर प्रत्येक अणू पुढच्या क्षणी कुठे असेल ते मोजत जातो, आणि ठरावीक अंतराने एक चित्र, म्हणजे फ्रेम, साठवतो. फ्रेम्स ओळीने चालवल्या की अणू हलताना दिसतात.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. कडेचं सगळं गेलंय, नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरलंय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही... उरलेलंही फार दिवसांचं नाही. मी शब्द दिला होता, नजर आहे तोवर मीठ बसताना दाखवते.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर माझं काम तीन आठवडे चाललं. मीठ बसलं. मी फ्रेम्स उघडल्या... चारशे अकराव्या फ्रेममध्ये सगळे सुटे. चारशे बारावीत एक छोटा, चौकोनी, नीट रचलेला खडा. मधलं काहीच नाही.

चूक माझीच. डिस्कवर जागा कमी होती, म्हणून दोन फ्रेम्समधलं अंतर मी वाढवून ठेवलं होतं. मशीनने मधला एकेक क्षण मोजला आणि टाकून दिला, कारण मीच तसं सांगितलं होतं. पुन्हा चालवलं तर पुन्हा तसंच घडेल असंही नाही... कधी बसेल, बसेल की नाही, सगळं नशिबावर.

मग मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. दोन फ्रेम्समधली पोकळी गुळगुळीत भरून द्यायची एक सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती लावली, आणि परवा रविवारी लॅपटॉप घेऊन गावी गेले, रेवसच्या अलीकडे.

बाबांनी नाक स्क्रीनला टेकेल इतका चेहरा जवळ आणला. सोडियम-क्लोराइडचे जांभळे-हिरवे गोळे सरळ रेषेत सरकत आले आणि आपापल्या जागी जाऊन बसले.

"परत लाव."

परत लावलं. मग तिसऱ्यांदा.

"ही शालेची कवायत हाय का?" बाबा म्हणाले. "मीठ असं वळीनं चालत येत न्हाय. जरा धरतं, इरघलतं, परत धरतं. हे तू मागून भरलंस ना?"

मी हो म्हटलं.

ते रागावले नाहीत. "म्हंजे तू पन न्हाय बघलंस," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. पुसून काही उपयोग नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे...

परतताना तेच मनात घोळत होतं. पन्नास वर्षं मीठ पिकवलेल्या माणसाच्या जेमतेम उरलेल्या नजरेतून मी तीन खेपा खर्च करायला लावल्या, त्याही खोट्यावर. आणि खरं दाखवायला माझ्याकडे काही नाही. पुढच्या वेळी जाईन तेव्हा ती नळी आणखी किती अरुंद झालेली असेल, कोण जाणे.

माझे गाइड ही पोस्ट वाचतील. सर, तुमचं उत्तर आधीच देऊन झालंय... पेपरला आधीचं आणि नंतरचं पुरतं, मशीनसाठी रांग आहे. तुमच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

तरी विचारते. आणखी तीन आठवडे मिळतील का? या वेळी प्रत्येक बारीक क्षण साठवेन, डिस्क माझी आणेन. अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. तिथे 'वडिलांना दाखवायचं आहे' एवढंच लिहिलं, तर चालेल का?