चौथं स्टूल

दुकानातून आलेली चांगली पिशवी आपण टाकून देत नाही. सपाट करून गादीखाली सरकवतो, लागेल कधीतरी म्हणून. मग दिवाळीच्या साफसफाईत गादी उचलली, की हा ढीग! शेजारच्या किश्श्यांचं माझं तसंच झालंय. मुद्दाम कोण जमवतं? पण आमच्या मोरीची खिडकी आणि शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी अगदी समोरासमोर, मधे जेमतेम टेम्पो शिरेल एवढा बोळ. घरं बांधणाऱ्यानंच ती तशी ठेवली, त्यात माझा काय दोष?

शेजारी म्हणजे चौघं. आबा इंदापूर डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते, तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते. मुलगा विलास एमआयडीसीत, दुधाच्या प्लँटवर. सून सुनीता कळसच्या शाळेत बाई, सकाळच्या गाडीनं जाणारी. मूळचे सगळे अंथुर्ण्याचे, बारामतीत येऊन राहिलेले. गल्लीत फोन अजून फक्त आमच्याकडं होता, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे गोष्टी बऱ्याच आहेत, पण सगळ्या एका कट्ट्याच्या.

*

विलास एकदा प्लँटवरच्या इंजिनीअर साहेबांच्या क्वार्टरवर किल्ली द्यायला गेला. साहेबांनी त्याला थेट स्वयंपाकघरात नेऊन पोह्यांची बशी पुढं ठेवली. तिथं ओट्याजवळ एक उंच, अरुंद कट्टा होता आणि त्याला उंच स्टुलं. बाईसाहेब म्हणाल्या, याला ब्रेकफास्ट बार म्हणतात. विलासनं कट्टा बघितला, पण त्याच्या मनात भरलं ते वेगळंच.

"काकू, सायबाची आय माझ्या शेजारी बसून पोहे खात हुती," बोळात मोटरसायकल लावता लावता तो मला म्हणाला. "गरम. वाफा निघत हुत्या."

मला लगेच कळलं. कारण अक्का बसून जेवल्यात, असं त्यांच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. आधी आबा, पाटावर, पंख्याखाली. मग विलास आणि सुनीता. सगळ्यांचं झालं की अक्का मोरीच्या दाराला टेकून, उभ्या उभ्या, उरलेली गार भाकरी हातावर घेऊन खायच्या. सकाळी तेच, रात्री तेच.

"आमच्या संगट बसून आयनं एक गरम भाकर खावी," विलास म्हणाला. "बास. मला दुसरं काय नगं."

घरात असा कट्टा बांधायचा विषय काढल्यावर आबा म्हणाले, "पाटावर काय बिघडलंय? एवढ्या उंच बसायला मी काय गाडी चालवतोय?"

अक्का म्हणाल्या, "मला कुठं येळ हाय बसायला?"

सुनीता उठली आणि शिलाई मशीनच्या खणातून टेप घेऊन आली.

*

हणमंत गवंड्यानं असलं काम कधी केलं नव्हतं, पण तसं त्यानं कबूल केलं नाही. म्हणाला, "कोण बसणार त्याच्या कोपरावर उंची ठरती. आणा त्यांना."

आता जी बाई बसतच नाही, तिच्या बसलेल्या कोपराचं माप घ्यायचं कसं?

विलास माझ्याकडं आला. "काकू, आयला पत्र्याच्या डब्यावर बसवा आन् बोलत ठिवा."

या कामाला मला शिकवणी लागत नाही. मी मेथीच्या दोन जुड्या घेऊन गेले, पिठाचा मोठा डबा मधे ओढला, अक्कांना त्यावर बसवलं आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या मोडलेल्या सोयरिकीची गोष्ट काढली. अक्का मेथी निवडण्यात आणि ऐकण्यात गुंगल्या. मागून विलास टेप लावत होता. कोपराला टेप टेकली तशा त्या वळल्या.

"काय रं? मला काय कपाट करून त्यात ठिवतो का?"

"तसं न्हाय आये, किती वाळलीस ते बघतोय."

"टेपनं व्हय? मग पोराचा बाप काय म्हणाला, सांगा की वो," असं म्हणून त्या पुन्हा माझ्याकडं वळल्या. ती गोष्ट मला दोनदा सांगावी लागली. उंची बरोबर आली.

*

कट्ट्यावर टाकायला काळा कडाप्पा आला, त्या दिवशी आबा घरातून बाहेर निघायला तयार नव्हते. "तुमचं तुमी बघा. ह्यात माझं काय काम न्हाय."

टेम्पो बोळात मागं घ्यायचा होता. पोरगेलासा ड्रायव्हर पुढं-मागं, पुढं-मागं करत होता. आत आबांचा पेपर हलायला लागला. मग पेपर खाली आला. मग आबाच बाहेर आले, धोतराचा सोगा वर खोचून.

"आरं डावीकडं काट. डावीकडं. येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

आमच्या मोरीचा पाइप तुटला.

मी खिडकीतून बघतच होते. आबांनी पाइप बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "त्यानं ब्रेक लेट मारला."

पण कडाप्पा आत जाईपर्यंत ते तिथंच उभे राहिले. कोपऱ्यावर टवका उडू नये म्हणून आपला टॉवेल घडी करून खाली घातला. आणि वर म्हणाले, "मला काय, मी पाटावरच बसणार."

*

काम चालू होतं तेवढे दिवस त्यांचा स्वयंपाक आमच्याकडं होता. मी मनात म्हटलं, माझ्या घरात तरी अक्कांना बसवीन. सगळे जेवून गेल्यावर खुर्ची ओढून दिली. अक्कांनी खुर्चीवर भाजीची टोपली ठेवली आणि माझ्या मोरीच्या दाराला टेकून भाकरी हातावर घेतली. म्हणजे दार कुणाचंही चालत होतं.

"अक्का, आता कोण वाढायचं राहिलंय?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "सासू म्हणायची, तवा उतरल्याबिगर बाईनं ताट घेऊ न्हाय. म्हातारी गेली त्यालाबी आता लई दिस झालं." भाकरीचा तुकडा चटणीत बुडवत त्या हसल्या. "पर माझा तवा काय उतरंना."

ही गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. माझ्या बाबतीत असं फार क्वचित होतं.

*

वैशाखी पौर्णिमेला कट्टा सुरू करायचं ठरलं. विहारातून वंदना करून सगळे घरी आले. सुनीतानं खीर केली होती. मला बोलावणं होतं. नसतं तरी मी गेलेच असते. कट्टा सुरेख झाला होता. एका बाजूला ओटा नि गॅस, मधे माणूस उभं राहील एवढी जागा आणि पलीकडं ओळीनं चार स्टुलं. आबा "पाय लोंबतात की वो" म्हणत म्हणत पहिल्या स्टुलावर चढले. विलास बसला, सुनीता बसली.

अक्का कट्ट्याला वळसा घालून गॅसकडच्या बाजूला गेल्या आणि तिथं उभ्या राहिल्या. पदर खोचला. वाट्या ओळीत मांडल्या, खीर वाढली, कट्ट्यावरून एकेक वाटी सरकवली.

"लई झाक केलंस बघ विलास," त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "वाढायला वाकावं लागत न्हाय. जल्मभर कंबर मोडली माझी."

आबा कट्ट्यावर बोट वाजवून म्हणाले, "मालकीणबाई, आनिक एक पेशल."

सगळे हसले. विलास हसला नाही. मागून बोळात येऊन तो मोटरसायकलला किका मारत राहिला. पेट्रोलचा कॉक बंद होता, तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

"काकू," तो म्हणाला, "आयला बसवायला गेलो, आन् हाटेल टाकून दिलं."

*

मग सुनीतानं एकदा शाळेला रजा टाकली आणि "आज भाकऱ्या मी करते, तुम्ही बसा" म्हणाली. अक्का तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "थापट्या जरा हळू मार. गॅस बारीक कर. तुझी गाडी गेली का गं?" शेवटी परात अक्कांच्याच हातात गेली.

चौथ्या स्टुलावर आधी मिक्सर आला. मिक्सर उचलला की मी बसायचे, चहाला. पण बरं वाटायचं नाही. विलास एकदा माझ्याकडं बघायचा आणि मान वळवायचा.

म्हणून एका संध्याकाळी आबा बोळात पाय मोकळे करत होते, तेव्हा मी खिडकीतूनच त्यांना सांगून टाकलं. सासूबाईंचं बोलणं, आणि तो न उतरणारा तवा. सांगू नये असं होतं, पण मला राहवलं नाही.

आबांनी तळहातावरची तंबाखू मळायची थांबवली. "असं म्हणाली?"

"असंच म्हणाल्या."

"मला न्हाय कधी म्हणाली."

"तुम्ही विचारलं होतं का?"

त्यांनी तंबाखू खाली झटकली आणि आत निघून गेले. मला वाटलं, रागावले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. समोर नेहमीसारखं चाललं होतं. सुनीता साडीला पिन लावत स्टुलावर, विलास चहा फुंकत. अक्कांनी तवा ठेवला, पीठ मळलं. आबा आले, पण स्टुलावर चढले नाहीत. कट्ट्याला वळसा घालून ते अक्कांच्या बाजूला गेले.

"सर तिकडं."

"काय पायजे? मी देती की."

"सर म्हणतोय न्हवं."

अक्का सरकल्या, आणि सरकता सरकता कट्ट्याच्या बाहेर आल्या. आबांनी बाह्या वर केल्या, पिठाचा गोळा उचलला आणि परातीत भाकरी थापायला लागले. गोल, पातळ, हात फिरवत. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. भाकरी टम्म फुगली.

माझ्या हातातलं पातेलं मोरीत पडलं. तिकडं कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

अक्का तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "अवो, तुमाला येती?"

"नाइट हॉल्टला खेड्यात मुक्काम पडायचा, तितं कोण घालत हुतं खायाला?" आबा तव्याकडं बघत म्हणाले. "कंडक्टर भाजी करायचा, मी भाकरी."

"सगळी नोकरी झाली. मला बोलला न्हाय कधी."

विलासनं गुपचूप मिक्सर उचलून खाली ठेवला. आबांनी भाकरी ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि ताट कट्ट्यावरून चौथ्या स्टुलापुढं सरकवलं.

"बस. गार हुईल."

अक्कांनी एकदा मोरीच्या दाराकडं बघितलं. मग त्या चढल्या. पाय जमिनीला पोचत नव्हते, ते त्यांनी एकमेकांत अडकवले. सुनीताची गाडी जायची वेळ झाली होती, पण ती स्टुलावरून हलली नाही. विलासचा चहा निवला. अक्का भाकरी फुंकून फुंकून खात होत्या. वाफा निघत होत्या, मला इकडून दिसत होत्या.

ताट रिकामं झालं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता उठतील आणि तव्याकडं जातील.

"कडंला कच्ची हाय," अक्का म्हणाल्या, आणि ताट पुढं सरकवलं. "दुसरी टाका."