कचऱ्याच्या खोलीचा व्हिडिओ

क्लबहाऊसच्या टीव्हीवर मी काढलेला व्हिडिओ चालू होता. सेक्रेटरी साहेब पडद्यावर बोट आपटत विचारत होते, "हे काय आहे? सांग ना, हे काय आहे?"

काळे डाग. भिंतीवर, फरशीवर, कोपऱ्यात. बुरशी चढल्यासारखे. मी दाराशी उभी होते, शेजारी सुशीला मावशी. चपला बाहेर काढलेल्या. समोर सोफ्यांवर कमिटीचे सात जण. घोडबंदर रोडच्या त्या टॉवरमध्ये आम्हाला क्लबहाऊसमध्ये एरवी फक्त फरशी पुसायला बोलावतात.

"धुतलंय साहेब. दोनदा धुतलंय," मावशी म्हणाली.

"मग काय व्हिडिओ खोटं बोलतोय?" साहेब कमिटीकडे वळले आणि आम्ही तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाले, "या लोकांना स्वच्छता शिकवायची म्हणजे... जाऊ दे. रक्तातच नसते हो ती."

कुणीतरी हसलं. एक मॅडम बिस्किट खात होत्या, त्या खातच राहिल्या.

रक्तात. त्याचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवते आहे. पहिल्या दिवशी याच माणसाने मला आडनाव विचारलं होतं. मग गाव विचारलं. मग "अच्छा" म्हणाला. त्या "अच्छा"चा अर्थ कल्याण पूर्वेच्या आमच्या चाळीत शेंबड्या पोरालाही कळतो.

व्हिडिओचा नियम कमिटीचाच. तळघरातल्या एका खोलीत चार विंगांचा कचरा जमा होतो. कचरागाडी गेली की आम्ही दोघी ती खोली धुतो. धुऊन झाली की व्हिडिओ काढायचा आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. रोज. फोन आपला, नेट आपलं. मावशीकडे बटणांचा फोन, म्हणून व्हिडिओ काढायची मी. माझा फोन दुकानातला सगळ्यात स्वस्त. आमच्या घरात तेवढा एकच.

कमिटीतलं कुणी त्या खोलीत कधी उतरलेलं मी पाहिलं नाही. नाकाला रुमाल लावूनसुद्धा नाही. त्यांना घाण नको, वास नको, आम्हीही नको. व्हिडिओ हवा.

मग ग्रुपवर शेरे. "कोपरा बघा." "शी." ओकारीचे पिवळे चेहरे. की आम्ही पुन्हा खाली. पुन्हा फिनेल, पुन्हा ॲसिड, पुन्हा व्हिडिओ. मावशी पार खडवलीहून लोकलने येते. पन्नाशी उलटली, गुडघे गेले, तरी त्याच गुडघ्यांवर बसून घासायची. तिच्या बोटांची सालं निघाली होती. घरात कमावणारी ती एकटी. त्या दिवशी क्लबहाऊसमध्ये ठरलं, मावशीची नजर गेलीय, तिला घाण दिसत नाही. सव्वीस जानेवारीच्या झेंड्यानंतर कमिटी शेवटचा व्हिडिओ बघणार. डाग दिसले तर मावशी घरी.

साहेबांचा राग येतोच. पण त्याहून जास्त राग मला माझा येतो. कारण मी त्यांचं खरं मानलं होतं. भिंतीकडे बघायचे, भिंत स्वच्छ. फोनमध्ये बघायचे, डाग. आणि मी फोनवर विश्वास ठेवायचे. एकदा मी मावशीला म्हणालेसुद्धा, "मावशी, नीट घास ना गं." तिने ब्रश पुन्हा बादलीत बुडवला. ते वाक्य आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

शेवटी मी रेश्माकडे गेले. शाळेतली मैत्रीण, कल्याण स्टेशनजवळ मोबाईलच्या दुकानात काउंटरला असते. म्हटलं, कॅमेऱ्याच्या काचेला काही झालंय का बघ. तिने व्हिडिओ बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अगं वेडी, डाग कुठेत हे? फोनची करामत आहे सगळी."

तिने नव्या गठ्ठ्यातला कोरा कागद काढला, काउंटरखालच्या खणात ठेवला आणि खण अर्धा लोटला. माझ्या फोनने व्हिडिओ काढला. कोऱ्या कागदावर काळे डाग. मग शोकेसमधल्या महागड्या फोनने तोच खण, तोच कागद. पांढराशुभ्र.

"मागे पन्नास मेगापिक्सेल छापलेलं असतं ना, त्यावर सगळे फसतात," रेश्मा म्हणाली. "व्हिडिओ आतली चिप बनवते. तुझी स्वस्तातली चिप. काळोखात तिला धड दिसत नाही, मग ती अंदाज मारते. ठिपक्याला ठिपका जोडते, झाला डाग. त्यात व्हॉट्सॲप आणखी चेपतं. आणि तुझे ते साहेब बघतात केवढ्या टीव्हीवर!"

काळोख तर होताच. त्या खोलीत एकच ट्यूब, तीही दाराजवळ. दुसरी लावा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं.

तो कागद हातात धरून मी भर दुकानात रडले. दुःखाने नाही, संतापाने. तीन महिने आम्ही स्वच्छ भिंत घासत होतो! तीन महिने एक बाई नसलेल्या घाणीसाठी हात जाळून घेत होती आणि वर सात जण बिस्किटं खात तिचं रक्त तपासत होते.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. कमिटी क्लबहाऊसमध्ये आली. कडक इस्त्रीचे पांढरे कुडते, पांढऱ्या साड्या. साहेबांनी आपला फोन टीव्हीला जोडला, ग्रुपवरचा माझा व्हिडिओ लावला. डाग तेच.

"झालं," ते म्हणाले. "मावशी, उद्यापासून..."

"थांबा साहेब."

मी पडदे ओढले. दिवे बंद केले. "ए, काय करतेय ही?" कुणीतरी ओरडलं. मी फोन वर धरला आणि सोफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांचा व्हिडिओ काढला. ग्रुपवर टाकला. दिवे लावले.

"आता हा लावा."

त्यांनी लावला. मला वाटतं सवयीने लावला. पडद्यावर कमिटी आली. साहेबांच्या कुडत्यावर छातीपासून पोटापर्यंत काळे डाग. मॅडमच्या साडीवर डाग, गालावर डाग. आणि मी डोळ्यांनी पाहिलं, साहेबांनी खाली बघून आपला कुडता झटकला. मी तीन महिने जी चूक केली तीच त्यांनी केली.

"हे कुणाच्या रक्तातले, साहेब?" मी विचारलं.

कुणी हसलं नाही. कुणी माफीही मागितली नाही. साहेबांनी घसा खाकरला. "फोनचा प्रॉब्लेम आहे तर आधी सांगायचं ना. चांगला फोन घे एखादा. हप्त्यावर मिळतात."

म्हणजे चूक पुन्हा माझीच. रक्ताचं बोलणं झालं, ते गेलं हवेत. दुसरी ट्यूब नाही, चार पावलं खाली येणं नाही. मीच फोन घ्यायचा, म्हणजे यांना सोफ्यावरून माझी घाण नीट दिसेल. माझं डोकं फिरलं.

"नाही घेणार. आजपासून व्हिडिओ बंद. खोली बघायची तर खाली या."

"मग दोघीही निघा."

तेव्हा मावशी बोलली. त्या हॉलमध्ये "धुतलंय साहेब" याच्यापुढे ती कधी बोलली नव्हती. "निघतो ना. पण आधी खाली चला. भिंतीला हात लावा, घाण लागली तर दाखवा. मग निघतो."

हात लावा म्हटल्यावर सात जणांतला एकही उठला नाही.

आम्ही दोघी बाहेर आलो. लिफ्टजवळ उभी राहून मी ग्रुप सोडला. खाली कुणी आलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आलो, खोली धुतली, व्हिडिओ काढला नाही. आम्हाला इथे कामाला लावणाऱ्या ठेकेदाराचा फोन आला, "नाटकं करू नका, दुसऱ्या बायका मिळतात." मिळतात, मला माहीत आहे. रोज गेटवर येताना एकच विचार, आज वॉचमन आत सोडेल की नाही. तरी येतो, धुतो, जातो.

काढायचं तर काढा. मला काढा, मावशीला काढा. पण त्या खोलीत उभं राहून काढा. पडद्यावर बघून मला घाणेरडी ठरवायचे दिवस संपले. तळघराला अठरा पायऱ्या आहेत. त्या उतरल्याशिवाय माझ्या कामाबद्दल एक शब्द मी ऐकून घेणार नाही.