तळहातावरचा बुश

आमच्या छोट्या गाडीच्या प्रत्येक सर्व्हिसिंगला एक प्रसंग ठरलेला. मेकॅनिक रफिकभाई काळ्याकुट्ट तळहातावर एखादा सुटा भाग धरून माझ्यापुढे गंभीरपणे उभे राहतात. मी चष्मा कपाळावर चढवतो, वाकून पाहतो आणि शोकसभेतल्या आवाजात म्हणतो, "अरेरे, फारच झिजलंय!" खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दातांचे डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतात, तेव्हाही माझी मान अशीच हलते. अडाणीपणा कबूल करण्यापेक्षा माणसाला खिसा रिकामा करणं सोपं वाटतं.

या वेळी मात्र बायकोला वचन दिलं होतं, की खात्री केल्याशिवाय काहीही बदलायचं नाही. ती शेजारीच उभी होती. रफिकभाई आले. तळहातावर रबरी बुश, म्हणजे चाकाजवळच्या सांध्यात बसणारी जाड कडी. मी चष्मा चढवला आणि सवयीने बोलून गेलो, "अरेरे, हा तर पार गेला!"

"साहेब, हा नवा आहे," रफिकभाई हळूच म्हणाले. "जुना काढू का, विचारायला आलो होतो."

बायको म्हणाली, "विचारा, विचारा. जाणकार आहेत ते."

"काढा," मी म्हणालो.

जुना निघाला. मला तो अगदी धडधाकट दिसत होता. पण आता कुठल्या तोंडाने बोलणार?