पुस्तकातल्या मुलीसाठी घातलेली अट

स्टेशनवरच्या स्टॉलवरून मी लेकीसाठी एक हिंदी कादंबरी आणली होती. माझी लेक ऑटिस्टिक आहे आणि त्या कादंबरीतला मुलगाही तसाच होता. तिनं ती अर्धी वाचून परत केली. हिंदी मुलखात वाढलेली, ती बोलते हिंदीच.

"बाबा, ये लड़का किताब में सिर्फ इसलिए है कि बाकी लोग अच्छे बन जाएं."

मग तिनं स्वतःच मोबाईलवर शोधून इंग्रजी कादंबऱ्या मागवल्या. लिहिणारेच ऑटिस्टिक. माझं इंग्रजी धंद्यातल्या कोटेशनपुरतं, म्हणून संध्याकाळी ती वाचून हिंदीत सांगायची. एका कादंबरीतली नायिका आळशी, शिवराळ, खोटं बोलून पार्ट्यांतून पळणारी. लेक वाचता वाचता एकटीच हसायची. त्या नायिकेला गर्दीची जत्रा मात्र आवडते, कारण तिथून केव्हाही निघता येतं. ते पान मी पुन्हा वाचायला लावलं. मोठ्या भावाच्या घरच्या लग्नात माझी लेक मांडवात किंचाळली होती आणि भावानं तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. तेव्हापासून मी त्याच्याकडे पाणीही पीत नाही. त्या पानात मला उपाय सापडला असं वाटलं.

पुढे माझ्या मुलाचं लग्न जुळलं. बैठक नंदिनी नगरला, नवऱ्या मुलीच्या घरी. घरातला मोठा म्हणून भावाला नेणं भाग होतं, आणि तो मधोमध बसला. लेक व्हरांड्यात पुस्तक घेऊन.

भावानंच तोंड उघडलं. "एक गोष्ट पहिलेच सांगतो. आमची पोरगी थोडी तशी हाय. लगन लागेपर्यंत तिले रूममधी बसवून देऊ. तुमी टेन्शन नका घेऊ."

माझं डोकं तापलं. पण रसमड्याच्या कारखान्यांच्या वस्तीतली माझी फॅब्रिकेशनची शेड मी एका वेल्डिंग मशीनवरून उभी केली ती सौद्यात ओरडून नाही. मी त्याच्याकडे न बघता मुलीच्या वडिलांना म्हटलं, "आमची एकच अट हाय. पोरगी मांडवात राहीन. वाटलं का उठून बाहेर जाईन, वापस येईन. गेटवर कोणी तिले 'कुठं चालली, जेवली का' म्हणून अडवाचं नाही."

"पाव्हण्यायच्या तोंडाले मी कसा हात लावू?" मुलीचे वडील म्हणाले.

"त्याच्या बदल्यात आमचा मानपान सोडला. शाल, टोपी, काहीच नोको."

मानपानात पहिली शाल मोठ्या भावाची असते.

"माह्या मानावर सौदा करून राहिला का तू?" तो उठला.

"मधात तुमीच बसले ना."

"मंग लगनही तूच लाव." तो चपला शोधू लागला. मुलीची आई पोह्यांच्या ताटल्या धरून तशीच उभी. माझ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मोठाच उठून गेला तर अशा घरात कोण मुलगी देईल?

तेवढ्यात लेक दारात आली. पुस्तकात बोट तसंच.

"बाबा, वो शर्त किताबवाली लड़की की है. मेरी नहीं."

"मंग तुही अट काय हाय?" मी विचारलं.

"मुझे बाहर नहीं जाना. भैया की शादी पूरी देखनी है. बैंड भी चलेगा. बस कोई पीछे से आके हाथ ना पकड़े. उस दिन मोठे बाबा ने पकड़ा था, नचाने को. इसलिए चिल्लाई."

"आतापर्यंत कावून नाही सांगितलं?"

"सब पूछते थे, तुझे क्या हो गया. किसने क्या किया, ये किसी ने नहीं पूछा. दूसरी किताब में एक लड़का सबके सामने बोल देता है. मैंने सोचा मैं भी बोल दूं."

तिचा मोठे बाबा म्हणजे माझा हाच भाऊ. त्याच्या एका पायात चप्पल होती. "मी तं लाडानं धरला होता बेटा."

"पता है. फिर भी मत पकड़ना."

मुलीचे वडील खाकरले. "बसा भाऊ, पोहे थंडे होऊन राहिले."

भावानं चप्पल काढली आणि दाराजवळच टेकला. "नाही धरत," तो ताटलीकडे बघत म्हणाला.

लेक व्हरांड्यात गेली. तारीख ठरली. निघताना मुलीच्या वडिलांनी हळूच विचारलं, "मंग मानपानाचं कसं कराचं? तुमची अट तं राहिलीच नाही."

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता. हात त्यानं लाडानं धरला असेल. कडी लाडानं लावली नव्हती.

"सोडला म्हंजे सोडला," मी म्हटलं.