चुन्याची रेघ

आमच्या क्लबचा हंगाम नवरात्रीत सुरू होतो. आधी लॉनवर गरबा, मग चंदी पडव्याची तुपाळ घारी मिठाई, दिवाळीचं स्नेहमिलन, थंडीत पोंक म्हणजे हुरड्याची पार्टी आणि शेवटी फेब्रुवारीत टेनिसच्या स्पर्धा. या दिवसांत मेंबर लोक जितकं खातात तितकं वर्षभरात खेळत नाहीत. मी इथे ऑफिसात कारकून आहे, त्यामुळे हे मनातच म्हणतो.

भटू आमचा मार्कर. म्हणजे पहाटे मातीच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा आखायच्या, आणि कुणा मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर रॅकेट घेऊन उभं राहायचं. त्याचा बाप धुळ्याकडून इथे कापडाच्या लूमवर कामाला आला होता. भटू गोडादऱ्याच्या वस्तीत माझ्याच गल्लीत राहतो. सव्वीस वर्षं तो या कोर्टावर आहे, आणि त्याची खरी विद्या हरण्याची. समोरच्या शेठला जराही शंका येऊ न देता तो हरायचा. शेठ घामाघूम होऊन खूश, भटूची नोकरी पक्की. मी त्याला चिडवायचो, की तुला एकदा हरण्याचं मेडल द्यायला पाहिजे. तोही हसायचा. आता ती थट्टा आठवली की माझी मलाच लाज वाटते.

मातीच्या कोर्टावर बॉल पडला की ठसा उठतो. वाद झाला की अंपायरने खाली उतरून ठसा बघायचा आणि निकाल द्यायचा. आमच्याकडे अंपायर म्हणजे भटूच. तो ठसा बघायचा, बुटाने पुसायचा आणि मेंबरच्या बाजूने निकाल द्यायचा. मेंबरचा बॉल आउट नसतो, एवढा एकच नियम त्याने पाठ केला होता. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच, असं आम्ही दोघंही समजत होतो.

त्याची मुलगी कविता मात्र हरायला शिकली नाही. मेंबर यायच्या आधी, पहाटे तासभर, बापासमोर खेळून ती तयार झाली. उजाडलं की मागच्या दाराने बाहेर. गेल्या हंगामात क्लबने मुलींची स्पर्धा सगळ्यांसाठी खुली ठेवली. जिंकणारीला वर्षभर क्लबात खेळायची मुभा, संध्याकाळीसुद्धा, पुढच्या दाराने. कविता फायनलला पोचली. समोर सेक्रेटरींची मुलगी, हेली.

अंपायर कोण, असा प्रश्न निघाला. भटू नको म्हणत होता. त्याने दोनदा हात जोडले. कुणीतरी म्हणालंही, की मुलगी त्याचीच आहे. सेक्रेटरी हसले. "भटू पर अमने पूरो भरोसो छे," म्हणाले. एवढं ऐकल्यावर भटू गपचूप उंच खुर्चीवर जाऊन बसला. मी खाली बेसलाइनच्या कडेला, आकड्यांच्या पाट्या लावायला.

एकच सेट होता. कविता पाच-चारने पुढे होती आणि एक पॉइंट बाकी होता. माझ्या हातात तिच्या नावासमोर लावायची सहाची पाटी तयार होती. तिने लांब, जोरात मारला. बॉल हेलीच्या बाजूला, माझ्यापासून चार पावलांवर, रेघेवर पडला. चुना उडालेला मी पाहिला. हेलीने आउट म्हणून हात केला. तिला खरंच तसं वाटलं असेल, पोर खोटं बोलणारी नव्हती.

भटू खाली उतरला. ठशाजवळ वाकला. अर्धा ठसा चुन्यावर होता, आंधळ्यालाही दिसला असता. तो तसाच वाकून राहिला, मग त्याचा बूट हलला. ठसा पुसला गेला आणि त्याने बोट वर केलं. आउट.

कविताने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मूग गिळून सहाची पाटी खाली ठेवली. त्यानंतर तिचा हातच चालला नाही. हेलीच्या नावासमोर सात मीच लावला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी भटूसाठी वापरणार होतो, पण त्या कुऱ्हाडीला दुसरा दांडा मीच होतो.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. पोंक, लिंबू-मिरीची शेव, माइक. सेक्रेटरींनी भटूला स्टेजवर बोलावलं आणि शाल घातली. पोटच्या मुलीच्या विरुद्ध निकाल देणारा माणूस, असा प्रामाणिकपणा आजकाल कुठे बघायला मिळतो, असं बरंच बोलले. सगळा लॉन टाळ्या वाजवत होता. भटूची मान खाली ती खालीच. शेवटच्या रांगेत कविताही टाळ्या वाजवत होती, आणि ते मला बघवेना.

घरी जाताना आम्ही तिघं एकाच रिक्षात होतो. शाल भटूच्या मांडीवर घडी करून ठेवलेली. रिक्षाने लिंबायतचा पूल ओलांडला. मग कविता हळूच म्हणाली, "पप्पा, ती रेघ तं सकायले तुम्हीच मारेल व्हती."

भटूने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. सव्वीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही तं जवळच व्हतात. बॉल आत व्हता ना?"

एवढं एक 'हो' म्हणायचं होतं. त्यामुळे निकाल बदलणार नव्हता, कुणाची नोकरी जाणार नव्हती, रिक्षात आम्ही तिघंच होतो. पण 'हो' म्हटलं असतं तर तेव्हा का गप्प बसलो, हे सांगावं लागलं असतं.

"डोळ्यांवर ऊन होतं गं," मी म्हणालो. "नीट दिसलं नाही."

ऊन माझ्या पाठीमागे होतं. समोरून खेळत असलेल्या कविताला ते माहीत होतं.