रंगुबाईचं बियाणं

सोनियाला ओळखपत्र मिळालं, त्याचं रंगुबाईला काही वाटलं नव्हतं. निळ्या फितीत अडकवलेलं ते कार्ड धाकट्या जावेनं घरात शिरल्या शिरल्या पुढं केलं, तेव्हा रंगुबाई एवढंच म्हणाली, "फोटूत डोळं मिटल्यात की गं तुजं." आणि तिनं तव्यावरची भाकरी उलथली.

खरं दुखणं दोन दिवसांनी सुरू झालं. शेजारची मनुबाई दारात येऊन उभी राहिली.

"म्याडम हायत का घरात?"

"कोण म्याडम?"

"आवं, तुमची जाऊ."

मनुबाई सोनियापेक्षा वीस वर्षांनी मोठी. कालपर्यंत ती सोनियाला 'ए पोरी' म्हणत होती.

जतच्या पूर्वेला, कर्नाटकाची हद्द जवळ येते तिथल्या एका वाडीत बंडगरांचं हे घर. थोरला केरबा, त्याची बायको रंगुबाई. धाकटा तानाजी सांगलीच्या मार्केटात हळदीच्या पोत्यांचा टेंपो चालवायचा, रविवारी घरी यायचा. त्याची बायको सोनिया मिरजेकडची, बारावी झालेली. गेल्या वर्षी तिची कृषी सखी म्हणून निवड झाली. कृषी खात्याच्या ऋचा मॅडमकडं आठ गावं होती. त्या वाईच्या, वयानं लहान, स्कूटरवरून यायच्या, पण पंधरा दिवसांतून एकदाच. मधल्या दिवसांत बायकांना बियाण्याचं, खताचं, किडीचं सांगायचं, ते काम सोनियाचं.

आणि सोनियाला ते सांगायचं कुणी, तर रंगुबाईनं.

रंगुबाई सतराव्या वर्षी या घरात आली आणि पुढची बारा वर्षं घरात राहिलीच नाही. दिवाळी झाली की केरबाच्या मागं मेंढरं घेऊन तासगाव, कराड, पार खटावापर्यंत. घोड्यावर भांडी आणि घोंगडी, पाठीला लेकरू. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचे. गडीमाणसं बांधावर तंबाखू मळत बसली की रंगुबाई रानात हिंडायची. कुठली माती कशी भेगाळते, कुणाचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पाणी नसताना उभा राहतो, कुणाचा आडवा होतो, हे तिनं चाळीस गावांत बघून ठेवलं होतं. आवडलं ते कणीस ती मागून घ्यायची. खटावकडच्या एका म्हातारीनं दिलेली पाच कणसं तिनं पदराच्या गाठीत आणली. पुढं मेंढरं तिसावर आली, कॅनॉलचं पाणी मळ्याजवळ पोचलं, आणि घर शेतीला लागलं. त्या पाच कणसांचा शाळू अठरा वर्षं तिच्या रानात होता. दर साली उभ्या पिकात फिरून ती चांगल्या धाटांना लाल दोरा बांधायची, तेवढीच कणसं बियाण्याला. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात.

सोनिया लग्न होऊन आली, तेव्हा तिला ज्वारीचा कोंब आणि गवत यातला फरक कळत नव्हता. शाळू खुरपताना तिनं पहिल्याच दिवशी शाळूच उपटला होता. ते उपटलेलं रंगुबाईनं निमूटपणे शेळीला घातलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही.

आता दर गुरुवारी त्यांच्याच अंगणात शेतीशाळा भरायची. बावीस बायका. रंगुबाई उंबऱ्यात बसून डाळ निवडायची, कारण तिला कुणी 'ये, बस' म्हटलं नव्हतं. तिचंच घर, तिला कोण म्हणणार?

"उत्तरा नक्षत्र लागायच्या आदी घाई करून पेरलं, की पोंगं मरत्यात," सोनिया उभी राहून सांगत होती. "माशी बसती कोवळ्या पिकावर."

रंगुबाईची बोटं डाळीत थांबली. परवा चुलीपुढं ती हेच वाक्य बोलली होती. हेच शब्द, याच क्रमानं. फक्त 'माशी बसती' हे मॅडमच्या पुस्तकातलं.

"सोनियाताईला लय ठावं बाई," कुणीतरी म्हणालं.

त्या दिवसापासून रंगुबाईनं हात आखडला. सोनियानं विचारलं, "आक्का, करडईवर मावा कवा पडतूय?" तर रंगुबाई म्हणाली, "मला काय ठावं? तुमच्या मोबाईलला इचार."

सोनियानं खरंच मोबाईलला विचारलं. रंगुबाईला त्याचाही राग आला.

भाद्रपदात पेरणी जवळ आली तशा ऋचा मॅडम दर गुरुवारी येऊ लागल्या, आणि त्यांनी बायकांपुढं एक गोष्ट काढली. यंदा सगळ्यांनी एकाच खात्रीच्या बियाण्याचा शाळू पेरायचा, एकेक एकर. बियाणं कुठलं, ते ठरवा.

"आमच्या आक्कांचं बी हाय की," सोनिया लगेच म्हणाली.

मॅडमनी रंगुबाईच्या ओंजळीतले दाणे आपल्या हातावर घेतले. मोत्यासारखे पांढरे, टपोरे. "किती वर्षं ठेवलंय मावशी?"

"अठरा."

"उगवण तपासू. शंभरात पंच्याहत्तर उगवले तरी चालतील. मग बावीस रानांत हेच पेरू."

तो आठवडा रंगुबाईनं तरंगत काढला. मडकी उन्हात उपडी केली, धान्य पाखडलं, परत पाखडलं. केरबाला म्हणाली, "बावीस रानांत माजं बी."

"मग काय, सरपंच हुतीस का आता?" केरबा म्हणाला. ती त्याच्यावर रागावलीसुद्धा नाही.

पुढच्या खेपेला मॅडमनी खात्याला द्यायचा बियाण्याचा अर्ज वाचून दाखवला. "बियाणं देणार, सोनिया तानाजी बंडगर."

अंगणात कुणी चमकलं नाही. बायकांचं लक्ष चहाकडं होतं. रंगुबाईच्या मांडीवरचं ताट तेवढं कलंडलं आणि डाळ सांडली. सोनिया धावत आली, डाळ गोळा करता करता हळूच म्हणाली, "आक्का, त्यात मोबाईल नंबर लागतूय, तो बी बाईचाच. तुमाला कुटं हाय? माजा घातला, तर नाव बी माजंच आलं. कागुदच हाय तो."

"बरं झालं," रंगुबाई म्हणाली.

कागदच आहे, तर मग माझं नाव घालताना तुझं काय जात होतं, हे ती बोलली नाही. ते तिनं मनात ठेवलं आणि दिवसभर ढवळत बसली.

त्याच दिवशी मॅडम आणि सोनियानं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडले, गुंडाळी करून सुतळीनं बांधली आणि रांजणाच्या शेजारी ठेवली. पाचव्या दिवशी उघडायची. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं काम रंगुबाईचं. चौथ्या दिवशी सोनिया दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला सांगलीला गेली. जाताना म्हणाली, "उद्या मनुमावशीच्या फोनवर फोन करती. मोजून ठेवा तेवढं. मला म्याडमला आकडा कळवायचा हाय."

पाचव्या दिवशी दुपारी रंगुबाईनं गुंडाळी सोडली. गोणपाट उलगडताच ओल्या मातीसारखा वास आला. पांढरी मुळं एकमेकांत गुंतलेली, वर हिरव्या टोकांचे कोंब. तिनं मेंढरं मोजायची तसं मोजलं. लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं, शंभरापर्यंत अंक म्हणायचा कंटाळा. मेंढरवाड्यात ते विसाविसानं मोजायचे. वीस झाले की एक ईस, आणि कनवटीला एक खडा. तिनं शेंगदाणे घेतले. वीस कोंब, एक शेंगदाणा.

चार शेंगदाणे झाले आणि वर बारा.

चार ईस बारा! मॅडमनी पंच्याहत्तर मागितले होते. रंगुबाईनं एकटीनंच तोंडावर पदर धरला. तिला हसू येत होतं.

मग तिच्या कानात मॅडमचा आवाज आला. सोनिया तानाजी बंडगर यांच्या बियाण्याची उगवण फारच चांगली. पुढं टाळ्या. मनुबाई म्हणतेय, म्याडमचं बी लय भारी. बावीस रानांत कणसं डोलताहेत आणि बांधावर सोनियाचं नाव.

"आवं रंगुबाई, फोन हाय!" मनुबाई फोन हातात धरून आत आली. फोन मोठ्या आवाजावर होता.

"आक्का, किती आलं?" सोनियानं विचारलं.

"तीन ईस."

"म्हंजे... साट?"

"ईस म्हंजे ईस."

"आसं कसं आक्का? परत एकदा मोजा की."

"मला मोजायला शिकवतीस व्हय गं? शेकड्यानं मेंढरं मोजली म्या, तू तवा पाळण्यात हुतीस!"

फोन बंद झाल्यावर मनुबाई चुकचुकत गेली. रंगुबाईनं चारही शेंगदाणे खाऊन टाकले आणि कोंब नेऊन कोकरांपुढं टाकले. सोनियाच्या नावाचं बियाणं गेलं, आता ओरड म्हणावं.

पण अर्ज वाडीत कुणी वाचला होता? कागदावर नाव कुणाचंही असो, शाळू रंगुबाईचा, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका तिला वाट करून देऊ लागल्या, मयताच्या घरच्या बाईला देतात तशी.

"वाईट झालं गं. अठरा वर्सं जपलं हुतंस."

"मानसासारखंच की. वय झालं, की बी बी म्हातारं हुतंय."

"राख कमी पडली आसंल."

राख कमी पडली! रंगुबाईनं घागर अर्धीच भरली आणि घरी आली.

सोनिया परतली ती थेट रांजणापाशी गेली. गोणपाट उचलून तिनं उजेडात धरला. विणीत मुळांचे तुकडे अडकलेले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीच्या ओळी.

"कोंब कुटं हायत, आक्का?"

"कोकरांस्नी घातलं."

सोनियानं गोणपाट घडी करून ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवारी मॅडम आल्या. चेहरा पडलेला. "मावशी, माझी फार इच्छा होती. पण साठच उगवलं तर बायकांचं एकर एकर रान अडकतं. तालुक्याहून पिशवीतलं बियाणं मागवते."

सोनिया उभी राहिली. "म्याडम, चूक माजी हाय. आक्का ईसानं मोजत्यात. फोनवर मला नीट कळलं न्हाई. त्या चार म्हणाल्या आसतील, मी तीन ऐकलं आणि साट कळवलं."

"पर मी हुते की तितं," मनुबाई म्हणाली. "तीनच म्हणाल्या त्या."

"फोनात खरखर हुती, मनुमावशी," सोनिया तिच्याकडं न बघता म्हणाली.

ऋचा मॅडमचा चेहरा उजळला. "सोनियाताई, चूक अशी चारचौघांत मान्य करायला धाडस लागतं बरं का." आणि बायकांतून आवाज आला, "गुणाची हाय गं पोर."

उंबऱ्यात बसलेल्या रंगुबाईनं मुठीतली डाळ ताटात टाकली. बियाणं हिच्या नावावर, शहाणपण हिच्या नावावर, आणि आता मी केलेली लबाडीसुद्धा हिनंच घेतली, वर शाबासकी मिळवली! डाळीचं ताट बाजूला सारून ती उठली.

"फोनात काय बी खरखर नव्हती. तीनच म्हणाले मी. मोजल्यालं चार ईस बारा."

सगळ्या बायका उंबऱ्याकडं वळल्या.

मॅडमनी विचारलं, "मग कमी का सांगितलं मावशी?"

"हिचं नाव लागलं म्हणून. जळले मी."

मनुबाईच आधी म्हणाली, "आमी काय जळत न्हाई व्हय? पर आपलंच बी कोन जाळतं गं बाई?" कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या. मॅडमनी तोंडापुढं वही धरली.

त्यांनी तिथंच नवा गोणपाट भिजवायला लावला. पेरणीला अजून दहा दिवस होते. शंभर दाणे सगळ्यांसमक्ष मोजले, आणि गुंडाळी मनुबाईच्या घरी ठेवायची ठरली. रंगुबाईच्या घरी नको, हे कुणी बोललं नाही, पण ठरलं तसंच.

बायका गेल्यावर सोनियानं परात धाडकन आपटली. लग्नानंतर पहिल्यांदा ती जावेपुढं ओरडली. "मी झाकलं हुतं न्हवं? मग उघडं करायची काय गरज हुती?"

"माजं पाप तू कशाला घेतीस? त्ये तर माज्या नावावर ऱ्हाऊ दे!"

"तुमाला माजं काय बी बघवत न्हाई, आक्का."

"न्हाई बघवत," रंगुबाई म्हणाली. "चुलीपुढं माज्या तोंडातलं उचलतीस आणि अंगणात जाऊन सांगतीस. एकदा तरी म्हण की, आक्का म्हणाल्या म्हणून."

सोनिया परातीत पीठ घेत राहिली, गरजेपेक्षा जास्त. मग खाली बघूनच म्हणाली, "तसं म्हटलं, तर बायका तुमालाच इचारत्याल. मग माजं काय काम? तुमाला बोललं की आटवतंय. मला चार येळा वाचून बी ध्येनात ऱ्हात न्हाई."

रंगुबाई तिच्याकडं बघत राहिली. हिच्याही पोटात तेच दुखत होतं तर. तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज नाही वाटली.

"पीठ लय झालं," ती म्हणाली. "दोन भाकऱ्या जादा हुतील."

पाचव्या दिवशी मनुबाईच्या ओट्यावर गुंडाळी उघडली. मॅडमनी एकेक करून मोजलं, एकोणनव्वद. रंगुबाईला तीन कमी पडल्याची रुखरुख लागली. मनुबाईनं पाणी कमी शिंपडलं असणार.

अर्जावरचं नाव मॅडमनी हातानं खोडून रंगुबाईचं घातलं, नंबर तेवढा सोनियाचा राहिला. शनिवारी सकाळी बायका डबे आणि पिशव्या घेऊन अंगणात आल्या. रंगुबाई मडकी पुढ्यात घेऊन बसली, शेराचं माप हातात. सोनिया शेजारी वही घेऊन बसली.

एक बाई सोनियाकडं वळून म्हणाली, "सोनियाताई, याला पेरायच्या आदी गंधक लावायचं का न्हाई?"

रंगुबाईचं माप हवेत थांबलं.

"लावायचं," सोनिया म्हणाली. मग तिनं थांबलेल्या मापाकडं पाहिलं. "किलोला चार ग्रॅम. आणि किती खोल पेरायचं, त्ये आक्कांना इचारा."

"दोन बोटं," रंगुबाई झटकन म्हणाली. "काळ्या रानात दोन, हलक्यात तीन." तिनं मनुबाईच्या डब्यात माप ओतलं आणि वहीकडं बोट केलं. "लिव गं. मनुबाई, चार शेर."

"लिवलं."

"बी कुणाचं, त्ये बी लिवलंस?"

"व्हय, आक्का."

रंगुबाईनं त्या अक्षरांकडं बराच वेळ निरखून पाहिलं.

"वाचून दाखव," ती म्हणाली. "मोट्यानं."